बेरमेतचं अर्धं

उमसुनाय गेली त्याच्या आदल्या वर्षी तिच्यावर पेपरात आलं होतं. माझा चष्मा फुटलेला, म्हणून शाळेतल्या मास्तरांनी येऊन वाचून दाखवलं. अकरा देशांत शिकवलं, चाळीस वह्या भरून जुन्या नक्ष्या उतरवून ठेवल्या, परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या शाळेत तिच्या पद्धतीनं वर्ग चालतो. सगळं खरं. फोटोही बरा होता. पण शेवटी त्या लिहिणाऱ्यानं ठोकून दिलं होतं की, तिनं मुलीसाठी कापलेली जोडी आजही एक आईच्या घरी आणि एक मुलीच्या घरी नांदते आहे. मी मास्तरांना म्हटलं, "बास करा आता. चहा घ्या."

मुलीच्या घरी डोंबल होतं! मुलीचं अर्धं उमसुनायच्या कोठीत खुंटीला गोणीत टांगलेलं होतं. ते तिथे का होतं आणि त्याच्यावर काय काय गुदरलं होतं, हे तिला आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आता ती नाही. म्हणून सांगते.

मी या आत-बाशी गावात सून म्हणून आले ती एकाहत्तर साली. तळ्याकाठचं माहेर, इथली थंडी बघून पहिले आठ दिवस नुसती रडत होते. नवव्या दिवशी सासू म्हणाली, "ऊठ, रडायचंच असेल तर आज कामाचं रड." गावातली सतरा वर्षांची एक पोर तापानं गेली होती. तिचं लग्न ठरलेलं होतं, तिची जोडी कापून तयार होती.

जोडी म्हणजे शिर्दाकची, आमच्या लोकरीच्या अंथरणाची. लोकर तुडवून घट्ट केलेले दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे, खडूनं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढायची आणि दोन्ही एकदम कापायचे. मग लालातली शिंगं निळ्यात बसवायची आणि निळ्यातली लालात. एका सुरीत दोन शिर्दाक होतात, चिंधीसुद्धा वाया जात नाही. या खोऱ्यात मुलीच्या लग्नाला अशी जोडी कापतात. एक आईकडे राहतं, ते आई शिवते. दुसरं मुलीबरोबर जातं, ते मुलगीच शिवते. बाकीच्या बायकांनी दोर वळावा, दोरा ओवून द्यावा, चहा करावा, वाटेल तेवढी थट्टा करावी. टाका मात्र मुलीचाच. मुलीचं अर्धं दुसऱ्या बायकांनी शिवायचं ते एकाच वेळी, मुलगी मेली तर. शेजारणी मिळून शिवतात, त्यात तिला गुंडाळून टेकडीवर पुरायला नेतात आणि आईचं अर्धं घरात उलटं करून ठेवतात.

त्या दिवशी आम्ही सातजणी शिवत होतो. थट्टेचं नाव नव्हतं. माझ्या बोटात दाभण घुसलं. शेजारी माझ्याच वयाची एक सून बसली होती, तिनं खाली मानेनंच माझा हात बाजूला केला आणि हळूच म्हणाली, "रक्त लागू देऊ नकोस गं, मासेखाऊ. त्या पोरीला आधीच पुष्कळ झालंय." ती उमसुनाय. पुढे पन्नास वर्षं ती मला मासेखाऊच म्हणत राहिली. माझं नाव झुराकान; ते तिच्या तोंडी यायचं फक्त जिवावरची गोष्ट असली की, तेही नुसतं झुरा.

ती कापायची, मी शिवायचे. तिला तिच्या आईनं शिकवलेलं. गुडघ्यावर बसायची, श्वास सोडायची आणि सुरी घातली की शिंगाचा अख्खा वळसा एका दमात. खडूची रेघ दुसऱ्यांदा काढलेली तिला खपायची नाही. शाळेत चित्रकला शिकवायची, तिथेही तेच. पोरं खोडरबर लपवून आणायची. तिचा नवरा घोड्यावरून पडून गेला तेव्हा लेक बेरमेत तीन वर्षांची होती. उमसुनाय चाळीस दिवस घरात बसली आणि एकेचाळिसाव्या दिवशी खडू घेऊन वर्गात हजर झाली.

पंच्याण्णव साली एक परदेशी बाई आली. कोल्होज, म्हणजे सरकारी सामाईक शेत, मोडलेलं, लोकरीला कुणी विचारत नव्हतं, मास्तरांना पगार म्हणून पीठ मिळायचं. बाई घरोघर जाऊन जुने शिर्दाक विकत मागत होती आणि लोक देतही होते, काय करणार. उमसुनायच्या दारात आली. उमसुनाय म्हणाली, "जुनं देणार नाही. शिकायचं असेल तर बस." ती बसली की खरंच! महिनाभर राहिली. लोकर पिंजली, उकळतं पाणी ओतलं, आमच्याबरोबर गुंडाळी लाथाडत अंगणभर फिरली, तळहाताला फोड आले तरी उठली नाही. गेली आणि पुढच्या वर्षी उमसुनायला बोलावणं आलं.

तिथून जे सुरू झालं ते वीस वर्षं. वर्षातले पाच-सहा महिने उमसुनाय बाहेर. मोठमोठ्या शाळांतून शिकवायची आणि पहिले दोन दिवस कुणाच्या हातात सुरी द्यायची नाही, नुसती लोकर तुडवायला लावायची. एका पांढऱ्या दाढीच्या प्राध्यापकानं कुरकुर केली, तर दुभाष्याकरवी त्याला सांगितलं, "प्राध्यापक तुम्ही तुमच्या घरी. लोकर फक्त पाय ओळखते." घरी असली की घोड्यावर नाहीतर कुणाच्या जीपमध्ये बसून खोरीच्या खोरी पालथी घालायची. एकेका म्हातारीपुढे वही उघडून बसायची. या शिंगाला तुमच्याकडे काय म्हणतात, ही कावळ्याची नखं का कुत्र्याचं शेपूट? कधी पोचायला उशीर व्हायचा आणि चहाऐवजी मयताचं जेवण जेवून परत यायची. अशा दिवशी माझ्याशीही बोलायची नाही.

आणि बेरमेत? बेरमेत माझ्याकडे. दहा वर्षांची असल्यापासून. माझ्या चार पोरांत पाचवी. तिला सुई धरायला मी शिकवलं, गोवर मी काढला, शहाणी झाली तेव्हा तिला जवळ घेऊन बसले ते मी. मी हे उपकार म्हणून सांगत नाही, पोर गोड होती. पण दर शरदात आई गाडीत बसली की ती गोठ्यात जाऊन उभी राहायची आणि ते बघताना मला उमसुनायचा राग यायचा. एकदा बोललेही. ती म्हणाली, "झुरा, मी नाही गेले तर दहा वर्षांनी हे कापणारं कुणी उरणार नाही." मी म्हटलं, "आणि तुझ्या पोरीचं काय उरेल?" ती वह्या बांधायला लागली. मीही पुढे ताणलं नाही, इथे माझंही चुकलंच.

बेरमेतला एकोणिसावं लागलं. त्या हिवाळ्यात उमसुनाय मुद्दाम थांबली आणि लेकीची जोडी कापली. आयुष्यात तिनं एवढं सुंदर काही कापलं नसेल. आपलं अर्धं, निळ्यावर लाल, तिनं पंधरा दिवसांत शिवून काढलं. मग लालावर निळ्याचे तुकडे लेकीपुढे मांडले आणि म्हणाली, "घे. तुझी पाळी."

बेरमेत म्हणाली, "तुझ्या परदेशातल्या मुलींना सांग ना. त्यांना चांगलं येतं."

"हे त्यांचं नाही. तुझं आहे."

"मला न्यूमोनिया झाला होता, आठवतं? झुरा आपा अकरा रात्री जागली. तेव्हा तू कुठल्या देशात होतीस? नुसतं नाव सांग. सांगितलंस तर आत्ता शिवायला बसते."

उमसुनाय बोटांवर वर्षं मोजायला लागली. तिला आठवेना. माझ्याकडे पाहिलं, जणू मी सांगेन. मला माहीत होतं, पण मी कशी सांगणार? बेरमेत उठली. वसंतात मॉस्कोला गेली, कुठल्याशा दुकानाच्या गोदामात कामाला लागली, तिथेच ओश शहराकडच्या एका मुलाशी लग्न केलं. आईला कळवलं नाही. दर नवरोजला फोन यायचा, तो मला.

तुकडे गोणीत गेले, गोणी खुंटीला. दर वसंतात उमसुनाय ते बाहेर काढायची, उन्हात मांडायची, झटकायची, मध्ये दवण्यासारखा तो कडू पाला घालून पुन्हा भरायची. अकरा वर्षं. एकदा राजधानीला, बिश्केकला, मी तिच्याबरोबर गेले होते. शंभर माणसांपुढे आपल्या निळ्या शिर्दाकचं चित्र दाखवून ती म्हणाली, "याची जोड माझ्या मुलीच्या घरी आहे." संध्याकाळी मी विचारलं, "खोटं कशाला बोलतेस गं?"

"मग काय सांगू? गोणीत आहे म्हणून?"

"हो!"

"तू सांग," ती म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

बाराव्या वर्षी ती वसंतात घरी नव्हती, कुठे नॉर्वेला चार महिने गेली होती. किल्ली माझ्याकडे. मी गोणी उन्हात उघडली आणि डोक्याला हात लावला. कसर लागली होती. तीन निळी शिंगं कडेनं पार खाल्लेली. माझं डोकंच फिरलं. अंगणात एकटीच ओरडले, "जपा! दोघी मिळून हट्ट जपा! किड्यांना मेजवानी झाली!" आणि त्याच रागात दाभण काढलं.

रीत मला आठवत नव्हती का? आठवत होती. ज्या दिवशी या गावात माझी ओळख झाली त्या दिवसाची रीत मी कशी विसरेन? पण मी म्हटलं, बघणाऱ्याला रीत. शिवायचं, मॉस्कोला जाणाऱ्या मालाच्या ट्रकमध्ये घालायचं आणि उमसुनाय यायच्या आत मोकळं व्हायचं. बेरमेतला सांगायचं, आईनं पाठवलंय. एकदा घरात पडलं की पोर त्याच्यावर बसेल, झोपेल, कधीतरी विरघळेल. गोणीत जुन्या चिंध्या कोंबून ठेवायच्या. चौतीस दिवस शिवत होते. खाल्लेली शिंगं दुसऱ्या निळ्या नमद्याची लावली. तसे टाके मी माझ्या पोरींच्या जोडीतल्या माझ्या अर्ध्यालाही घातले नाहीत.

पूर्ण झालं त्या दिवशी उमसुनायच्या मोठ्या खोलीत नेलं. तिच्या निळ्याशेजारी माझं लाल अंथरलं, जोड जुळते का ते बघायला. जुळत होती. त्या पाल्याच्या धुळीनं माझे डोळे सुजून लाल झाले होते आणि सारखं पाणी येत होतं. मी गुडघ्यावर बसून डोळे पुसते आहे तोच दारात सावली पडली.

उमसुनाय बारा दिवस आधी आली होती. अंगात कोट, पायात बूट. तिनं आधी लाल शिर्दाक पाहिलं, कडेपर्यंत शिवलेलं. मग माझं तोंड पाहिलं. आणि खाली बसली, उंबऱ्यावर. आमच्यात उंबऱ्यावर कुणी बसत नाही.

"कधी?" तिनं विचारलं.

"काय कधी? अगं, तू एवढ्या लवकर..."

"किती दिवस झाले? तिथेच पुरलं का, त्या परक्या मुलखात?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तोंडातून शब्द फुटेना, आणि माझं ते गप्प राहणंच तिला उत्तर वाटलं. ती पुढे वाकून निळं शिर्दाक उलटं करायला लागली. बोटं थरथरत होती, कड हातात येत नव्हती. मी तिचे हात धरले आणि किंचाळले, "जिवंत आहे! जिवंत आहे गं पोर! मी शिवलं, मी मेलीनं उगीच शिवलं!"

"समजूत घालू नकोस, झुरा."

मी फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा पलीकडून वैतागलेला आवाज आला, "झुरा आपा, कामावर आहे मी, नंतर करते." मी तो आईच्या कानाला लावला. उमसुनायनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. मग म्हणाली, "बेरमेत."

पलीकडे गोदामाचा गलका. मग, "आई?"

"काही नाही. जेवलीस का?"

"आई, इथे सकाळचे नऊ वाजलेत."

"बरं. मग जेव," उमसुनाय म्हणाली आणि फोन मला परत दिला.

ती मला एका शब्दानं टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "उसव."

"सगळं?"

"सगळं. माझ्यासमोर."

चौतीस दिवसांचं काम मी नऊ दिवस उसवत होते. ती समोर बसायची, दोन्ही हात काखेत दाबून. मला वाटायचं, राग आवरतेय. शेवटच्या दिवशी चहाची वाटी उचलताना सगळा चहा सांडला तेव्हा कळलं. हात थरथरायला लागले म्हणूनच ती लवकर परतली होती. त्यानंतर तिनं काही कापलं नाही. तुकडे पुन्हा गोणीत गेले, गोणी खुंटीला. "हे कुणाला कळता कामा नये," ती म्हणाली, आणि ती असेतो मी पाळलं.

एक मात्र झालं. बेरमेत महिन्याला आईला फोन करायला लागली. काय जेवलीस, बर्फ किती, दम लागतो का, एवढंच. शिर्दाकचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही. कागदपत्रं, नोकरी, संसार, बेरमेतचं येणं लांबत गेलं आणि उमसुनायनं कधी ये म्हटलं नाही. मी एकदा म्हणाले, "बोलाव की तिला!" तर म्हणाली, "मी कुठल्या तोंडानं बोलावू?" शेवटची सात वर्षं ती तोंडानं शिकवायची. पोरी कापायच्या, ती शेजारी बसून सांगायची, श्वास सोड, आता वळ, थांबू नकोस. परदेशातल्या पोरी फोनच्या पडद्यावर दिसायच्या. गावातल्या चौघी शिकल्या, दोघी अजून कापतात. फेब्रुवारीत ती झोपेतच गेली.

तिसऱ्या दिवशी, टेकडीवर न्यायच्या तासभर आधी, बेरमेत पोचली. फाटकापासूनच तिचा आक्रोश ऐकू आला. अंगणात मयतासाठी उभारलेल्या तंबूत आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून रडत होतो, ती येऊन माझ्याशेजारी बसली. एकोणीस वर्षांनी. केस पांढरे व्हायला लागलेले. उमसुनायच्या खाली निळं शिर्दाक अंथरलं होतं.

सातव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, बोरसोकचे कणकेचे तुकडे तळता तळता तिनं विचारलं, "झुरा आपा, माझं कुठे आहे?"

"तुझं काय?"

"आई जगभर सांगत होती ना, मुलीच्या घरी आहे म्हणून. मी गोदामात बसून तिची भाषणं बघायचे फोनवर. पहिल्यांदा चीड आली. मग पुढे पुढे घरी गेले की खोलीभर बघायचे. वाटायचं, असेलही कुठेतरी, मलाच दिसत नसेल."

मी कोठीतून गोणी आणून तिच्यापुढे ठेवली. तिनं तुकडे एकेक करून मांडले. एकही चुकला नाही. दाभण मागितलं, अंगुस्तान मागितलं, आणि पहिला टाका घालायला वाकली. तशीच थांबली. नमदा उचलून उजेडासमोर धरला.

"आपा, याला आधीच भोकं आहेत. सगळीकडून."

इतकी वर्षं मी मनात हजार वेळा सांगून पाहिलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. सांगितलं कसंतरी. कसर, राग, ट्रक, उंबरा, सगळं.

बेरमेत त्या भोकांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो फोन... तिला वाटलं होतं, मी मेले?"

"हो."

"आणि मग तिनं विचारलं, जेवलीस का."

"हो गं बाई."

तिनं ओढणीनं तोंड झाकलं. मी तिला रडू दिलं. मलाही रडू येत होतं, पण तळणीतले बोरसोक जळायला लागले होते, ते काढले. परत आले तर डोळे पुसून ती तुकड्यांवर वाकली होती.

"भोकं सरळ आहेत का?" तिनं विचारलं.

मला रागच आला. "सरळ म्हणजे? पन्नास वर्षं शिवतेय मी!"

"मग मी त्यातूनच जाते," बेरमेत म्हणाली आणि दाभण माझ्यापुढे धरलं.

मी दोरा ओवून दिला. तेवढं दुसऱ्या बाईनं केलेलं चालतं.